२४-८ वरून ब्रॉन्कोस हरले कसे: २०२३च्या फायनलचं टॅक्टिक्स

प्रश्न थोडक्यात असा होता: "ब्रिस्बेन ब्रॉन्कोसचा फॅन आहे, २०२३ची एनआरएल (ऑस्ट्रेलियातली रग्बी लीग) ग्रँड फायनल परत बघितली, २४-८ असा लीड होता, पंचवीस मिनिटं उरलेली, तरी पेनरिथ पँथर्स २६-२४ जिंकले. मित्र म्हणतात आमचा फुलबॅक (सगळ्यात मागे उभा असतो तो) वॉल्शने घालवली, कोणी म्हणतं कोच केविन वॉल्टर्सने काहीच बदललं नाही, कोणी म्हणतं पेनरिथचा हाफबॅक (खेळ चालवणारा) नेथन क्लिअरी देव आहे, विषय संपला. टॅक्टिक्सच्या नजरेने नेमकं काय झालं?"

मी इकडे वेस्टर्न सिडनीत बरीच वर्षं ज्युनिअर टीम्सना कोचिंग करतो, रविवारी संध्याकाळी पोरांच्या मॅचचे व्हिडिओ कापत बसणं हा माझा उद्योग, आणि ही फायनल मी पोरांना शिकवायला इतक्यांदा लावलीये की बायकोलाही कॉमेंट्री पाठ झालीये. त्यामुळे उत्तर जरा लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी माझं मत सांगून टाकतो. क्लिअरी भारी खेळला यात वादच नाही, क्लाइव्ह चर्चिल मेडल (फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचं) त्यालाच मिळालं आणि ते बरोबरच होतं. पण "एका माणसाची जादू" म्हटलं की बाकीचं बघायचं राहून जातं. रग्बी लीगमधे मॅच फिरते ती ट्राय (बॉल समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे टेकवणं, चार पॉइंट) कोणी मारली यावर कमी आणि सहा टॅकलचा सेट (बॉलवाल्यांना मिळणाऱ्या सहा संधी) कुठून सुरू झाला आणि कुठे संपला यावर जास्त. फॅन लोक सहसा सेटचा शेवटचा सेकंद बघतात, आणि तिथे जो माणूस दिसतो त्याच्या नावाने खडे फोडतात.

स्कोअरकार्डवरनं सुरुवात करू, कारण तिथेच एक गोष्ट आहे जी कोणी बोलत नाही. दोन्ही टीमच्या ट्राय चार-चार. पँथर्सकडून मिच केनी, मोझेस लिओटा, स्टीफन क्रायटन आणि स्वतः क्लिअरी, ब्रॉन्कोसकडून टॉम फ्लेगलर आणि एझ्रा मॅमच्या तीन. आठच्या आठ ट्रायची कन्व्हर्जन (ट्रायनंतरची गोलवरची किक, दोन पॉइंट) आत. म्हणजे दोघांचे २४-२४. मग २६ कुठून आले? पहिल्या हाफमधे क्लिअरीने एक पेनल्टी मिळाल्यावर सरळ गोलवर किक मारली, दोन पॉइंट घेतले, हाफटाइमला ८-६. त्या वेळी स्टेडियममधे कोणी उठून उभंही राहिलं नसेल, आपल्या ग्रुपमधे तर हमखास कोणीतरी म्हणतंच "अरे किक नको, टॅप घेऊन खेळा, ट्राय मारा, दोन पॉइंटसाठी काय रडताय". ८१,९४७ लोक होते त्या दिवशी, १ ऑक्टोबर, अ‍ॅकॉर स्टेडियम, आणि शेवटी दोन टीममधला फरक एवढाच राहिला. माझ्या पोरांना मी पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतो की मॅचमधली सगळ्यात महागडी किक कोणती, आणि सगळे शेवटचं कन्व्हर्जन सांगतात.

आता ते २४-८ कसं झालं ते बघा, कारण ते कळल्याशिवाय २६-२४ कळणार नाही. मॅमने सेकंड हाफच्या सुरुवातीला तीन ट्राय मारल्या, तिन्ही पंधरा मिनिटांच्या आत, विशीतलं पोरगं ते, पायात स्प्रिंग बसवल्यासारखं पळत होतं. लोकांना वाटलं पँथर्स कोसळले. पण इथे नियम समजून घ्यायला हवा. फुटबॉलमधे गोल खाल्ला की बॉल तुम्हाला मिळतो. लीगमधे उलटं आहे, निदान त्या सीझनच्या नियमाप्रमाणे तरी: ज्याने ट्राय खाल्ली त्यानेच किक-ऑफ मारायचा, म्हणजे बॉल परत ट्राय मारणाऱ्याकडेच. तुम्ही आत्ताच सहा टॅकल करून दमलात, गोललाइनच्या मागे उभं राहून कन्व्हर्जन बघितलं, आणि आता परत धावत जाऊन डिफेन्सच करायचाय. म्हणून लीगमधे ट्राय एकट्या येत नाहीत, जोडीने-तिनाने येतात. १६ पॉइंटचा लीड हा खूप वेळा १६ पॉइंटच्या ताकदीचा फरक नसतो, दहा-बारा मिनिटं बॉल कोणाकडे होता त्याचा हिशोब असतो. आणि तोच हिशोब दुसरीकडेही फिरू शकतो, फिरलाच.

ब्रॉन्कोसची टीम काही लेचीपेची नव्हती हो. त्या वर्षी टेबलवर पँथर्स पहिले, ब्रॉन्कोस दुसरे, फायनल्समधे ब्रॉन्कोसनी मेलबर्नला २६-० आणि वॉरियर्सना ४२-१२ धुतलं होतं. पेन हास, पॅट कॅरिगन, फ्लेगलर असे मधले गडी. हे सगळं वेगावर चालणारं यंत्र होतं, मधून हास आणि कॅरिगनने जोरात घुसायचं, प्ले-द-बॉल पटकन, आणि मग हाफबॅक रेनॉल्ड्स, मॅम, वॉल्श यांनी पसरलेल्या डिफेन्सला कापायचं. हे खेळायला फार मजा येते पण यात एक गोम आहे, यात विश्रांती नाही. तुम्ही बॉल घेऊनही दमता.

दमणं हा शब्द फॅन लोक फार ढोबळ वापरतात, "थकले शेवटी", झालं. मी सांगतो नेमकं कुठे बघायचं. टॅकल झाली, पडलेला माणूस उठतो, पायाने बॉल मागे सरकवतो, त्याला म्हणतात प्ले-द-बॉल. त्याच्या समोर डिफेन्सचे दोन मार्कर उभे. बाकीची लाइन दहा मीटर मागे. आता रकच्या (म्हणजे या प्ले-द-बॉलच्या जागेच्या) दोन्ही बाजूचे पहिले दोन-दोन डिफेंडर बघा, कोचिंगमधे त्यांना ए आणि बी म्हणतात. ताजा असताना ए डिफेंडर दहा मीटर मागे जाऊन, वळून, पाय रोवून बॉल निघायच्या आधी तयार असतो आणि बॉल निघाला की चार-पाच पावलं पुढे येतो. दमलेला माणूस मागे जातो पण वळायला उशीर करतो, हात गुडघ्यावर, आणि बॉल निघाला तेव्हा तो अजून टाचांवर असतो. अर्ध्या सेकंदाचा फरक. बी ताजा असेल आणि ए टाचांवर, तर बी पुढे गेला, ए मागे राहिला, लाइनला कुबड आलं. क्लिअरीसारखा माणूस अख्खी मॅच तेवढं एक कुबड शोधत असतो, बाकी काही नाही. कबड्डी खेळलेल्यांना हे लगेच कळेल, साखळीतला एक जण अर्धा पाऊल मागे राहिला की रेडर नेमका त्याच्याच बाजूला वळतो, हाताची पकड कितीही घट्ट असू दे.

आता ६२-६३व्या मिनिटाची लिओटाची ट्राय. क्लिअरीने लाइन फोडली आणि लिओटाला पास दिला, तो आत पडला. सगळे बघतात क्लिअरीचा ब्रेक. मी बघतो लिओटा तिथे पोचला कसा. हा प्रॉप आहे राव! एकशेवीसच्या आसपास किलोचे हे गडी असतात, ह्यांचं काम भिंतीला डोकं लावणं, आणि हा साठ मिनिटांनंतर हाफबॅकच्या ब्रेकच्या मागे खांद्याला खांदा लावून पळतोय आणि त्याला पकडायला ब्रॉन्कोसचा मधला माणूस नाहीये. एनआरएलमधे तेव्हा आठच इंटरचेंज (बदली) मिळायचे, बेंचवर चार, त्यामुळे मोठ्या फॉरवर्डना कधी काढायचं आणि कधी परत आत घालायचं हे कोचचं सगळ्यात मोठं काम, फॅन लोकांना त्यातलं पाच टक्केही टीव्हीवर दिसत नाही. कोच इव्हान क्लिअरीच्या (नेथनचे वडील) पँथर्सची सवय होती की शेवटच्या वीस मिनिटांसाठी पाय शिल्लक ठेवायचे. दिसायला कंटाळवाणं: टोओ, टुरुव्हा, एडवर्ड्स या मागच्या तिघांनी पहिल्या दोन-तीन टॅकल खायच्या, म्हणजे मोठ्या गड्यांना आपल्याच गोललाइनजवळून बॉल ओढत आणायला लागत नाही. अख्खी मॅच हे चालतं, कोणी टाळ्या वाजवत नाही, आणि त्र्याहत्तराव्या मिनिटाला व्याज मिळतं.

वॉल्टर्सवर टीका करणाऱ्यांना मी अर्धे मार्क देईन. २४-८ झाल्यावर ब्रॉन्कोसनी खेळाचा वेग उतरवायला हवा होता असं मला वाटतं. म्हणजे काय, तर पाच टॅकल सरळसोट, रिस्की पास नाही, मग रेनॉल्ड्सने कोपऱ्यात लांब किक, सगळे मिळून चेस, आणि पँथर्सना स्वतःच्या दहा मीटरमधून सुरुवात करायला लावायची. परत तेच. परत तेच. कंटाळा येईल इतकं. रेनॉल्ड्स तेव्हा ३३ वर्षांचा, लीगमधल्या उत्तम किकर्सपैकी एक, त्याच्याकडे हे सगळं होतं. पण ज्या टीमने वर्षभर झपाट्याने खेळून मजल मारलीये, तिला मोठ्या स्टेजवर अचानक "आता हळू" सांगणं सोपं नसतं, ते सरावात भिनलेलं असावं लागतं. हाफटाइमच्या भाषणाने होत नाही ते.

बरं, एक प्रश्न नेहमी येतो की रेनॉल्ड्सने फील्ड गोल (चालू खेळात पोस्टमधून मारलेली ड्रॉप किक) का नाही मारला, एक पॉइंट घेऊन टाकायचा होता. गणित करून बघा. २४-२० असताना चारचा लीड. एक पॉइंट घेतला तर २५-२०, पाचचा लीड, कन्व्हर्ट केलेली ट्राय सहाची, तरी २६-२५ पँथर्सच. त्या एका पॉइंटचा उपयोग फक्त कन्व्हर्जन चुकलं असतं तर. आणि क्लिअरीने त्या दिवशी पाचपैकी पाच किक मारल्या. दोन पॉइंट मिळाले असते तर गोष्ट वेगळी, २६-२६ आणि गोल्डन पॉइंट, म्हणजे जादा वेळेत जो पहिला पॉइंट घेईल तो जिंकला. म्हणजे कोणतीही पेनल्टी गोल मारायच्या अंतरात मिळाली असती तर ती घ्यायची होती, एवढंच.

आता ४०/२०, माझा आवडता भाग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्वतःच्या ४० मीटर लाइनच्या मागून किक मारायची, बॉल आधी मैदानात टप्पा खाऊन समोरच्यांच्या २० मीटरच्या आत साइडलाइनबाहेर गेला पाहिजे. जमलं तर बॉल तुम्हालाच परत, नवे सहा टॅकल, समोरच्यांच्या गोललाइनपासून वीस मीटरच्या आत. चुकलं तर बॉल गेला. बॉल हवेत आणि टप्प्यावर मिळून चाळीस मीटरच्या वर जायला हवा, तेही साइडलाइनला चिकटून, आणि लाथ मारताना समोरून दोन माणसं अंगावर धावून येतायत. प्रॅक्टिसमधे दहा जण करून दाखवतात, फायनलच्या ६५व्या मिनिटाला दहा पॉइंटने मागे असताना करायला वेगळी छाती लागते.

पण पॉइंट असा की ती जागा मोकळी का होती? समोरची टीम जेव्हा रनिंग अटॅकला घाबरते तेव्हा ती विंगरना पुढे लाइनमधे ओढते, कारण मधले दमले की बाहेरच्यांना आत सरकून मदत करावी लागते आणि कडेला माणूस कमी पडतो, मग विंगर वर येतो. विंगर वर आला की मागे उरतो एकटा फुलबॅक, आणि ६८ मीटर रुंदी एकटा माणूस सांभाळू शकत नाही, तो वॉल्श असला तरी. म्हणजे आधीच्या पाच मिनिटांतल्या लिओटाच्या ट्रायने जी भीती बसवली तिने हे ४०/२० उघडलं. आणि ४०/२० मधून मिळालेल्या सेटवर क्रायटन आत गेला. २४-२०. आणि हो, लिओटाच्या ट्रायनंतर किक-ऑफचा बॉल कोणाकडे आला होता? पँथर्सकडेच, वरचा नियम आठवा.

लुवाईच्या दुखापतीबद्दल पण बोलायला हवं, कारण "लुवाई बाहेर गेला म्हणून क्लिअरी मोकळा झाला" ही थिअरी फार फिरते. जरोम लुवाई, पँथर्सचा फाइव्ह-एट (हाफबॅकचा जोडीदार), सेकंड हाफमधे बाहेर गेला आणि बेंचवरचा जॅक कॉगर आत आला. थिअरी अर्धी खरी आहे. दोन मोठे हाफ (हाफबॅक आणि फाइव्ह-एट) असले की मैदान वाटून घेतात, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि समोरच्या डिफेन्सला माहीत असतं कोण कुठे. कॉगर आल्यावर क्लिअरी दोन्ही बाजूंना दिसायला लागला, आणि कॉगरने शहाणपणाने साधी कामं साधीच केली, हिरोगिरी नाही. पण यातनं "लुवाई नसणं बरं" असा निष्कर्ष काढणारे लोक भेटले की मी विषय बदलतो. त्याच टीमने २०२१ आणि २०२२ दोन्ही कप लुवाईसोबतच जिंकले होते की. प्लॅन बी तयार होता हे पँथर्सचं श्रेय, दुखापतीचं नव्हे.

आणि आता वॉल्श. तीनेक मिनिटं उरलेली, क्लिअरी बॉल घेतो, पाऊल बदलतो, आत शिरतो, ट्राय, कन्व्हर्जन, २६-२४. रीप्लेमधे शेवटी मागे कोण दिसतो, तर फुलबॅक, म्हणून सगळे त्याच्यावर तुटून पडले. अहो, फुलबॅक हा कायम शेवटी दिसणारच, त्याची जागाच ती आहे! मधून फुटलेला आणि पूर्ण वेगात असलेला हाफबॅक, दोन्ही बाजूंना मोकळी जागा, तिथे एकट्या फुलबॅकने शंभरातनं किती वेळा थांबवायचा? पॉज करा आणि दोन सेकंद मागे जा. रकजवळचे ते ए-बी बघा. भोक तिथे पडलंय, वॉल्शजवळ ते नुसतं पोचलं. पोरगं २१ वर्षांचं होतं तेव्हा, आणि त्या रात्री सोशल मीडियावर लोक त्याच्याबद्दल जे लिहीत होते ते वाचून मला लाज वाटली. नंतर त्याच वॉल्शने २०२५ला ब्रॉन्कोससाठी फायनल जिंकून दिली, मेलबर्नविरुद्ध २६-२२, हाफटाइमला १२-२२ मागे असताना, आणि चर्चिल मेडलही घेतलं. त्याच टीममधे बेन हंट होता, ज्याच्या हातून २०१५च्या फायनलमधे गोल्डन पॉइंटचा किक-ऑफ सुटला होता आणि ज्याला ब्रिस्बेनवाल्यांनी कित्येक वर्षं ऐकवलं. असो, विषयांतर झालं.

इथे पॅरामॅटा, हॅरिस पार्क, वेस्टमीडकडे आपली मराठी मंडळी बरीच आहेत, त्यांना एक गोष्ट सांगायला आवडते: लागोपाठ तीन कप हे त्याआधी पॅरामॅटा ईल्सनी केलं होतं, १९८१ ते १९८३, जॅक गिब्सन कोच असताना. त्यानंतर पेनरिथने २०२१ ते २०२३, आणि २०२४ला चौथाही घेतला, मेलबर्नला १४-६ हरवून. १४-६ ची ती फायनल टॅक्टिक्स शिकायला याहून चांगली आहे खरं तर, पण तिला कोणी परत बघत नाही कारण त्यात जादू नाहीये.

तुम्हाला परत बघायचीच असेल तर पूर्ण नका बघू, ५५ ते ६७ मिनिटं बघा, आवाज बंद करून. कॉमेंटेटर बॉलच्या मागे पळतात आणि आपली नजर त्यांच्या आवाजामागे. एक कागद घ्या, प्रत्येक सेट सुरू झाला की फक्त लिहा कोणाचा आणि किती मीटरवरून, आणि संपला की लिहा किकने, चुकीने, का पेनल्टीने. बाकी काही लिहू नका, कोण भारी कोण बेकार अजिबात नाही. मग दुसऱ्यांदा बघताना बॉल विसरून ब्रॉन्कोसचा प्ले-द-बॉलच्या डावीकडचा दुसरा माणूस बघा, त्याची टाच. मित्रांशी भांडायचं असेल तर तो कागद घेऊन जा, वॉल्शचं नाव काढायच्या आधी त्यांना तो वाचायला लावा. आणि कोणी फील्ड गोलचा मुद्दा काढला तर वरचं गणित दाखवा, बहुतेक जण २५ आणि २६ पर्यंत पोचतात आणि गप्प होतात.